तेराव्या सेरीनवरचा फॉस्फेट

आमच्या प्रयोगशाळेतल्या उणे ८० अंशांच्या फ्रीझरमध्ये मानवी सीडीसी-३७ या प्रथिनाच्या सहा नळ्या आहेत. तीन नळ्यांच्या झाकणावर निळी खूण आहे आणि तीन नळ्यांच्या झाकणावर लाल. दोन्हींतल्या अमिनो आम्लांचा क्रम एकच आहे, प्रथिने वजनानुसार वेगळी करणाऱ्या साध्या जेलवर दोन्हींचा बँड (पट्टा) जवळजवळ एकाच उंचीवर येतो आणि शुद्धताही दोन्हींची नव्वद टक्क्यांच्या वर आहे. फरक आहे तो एवढाच की लाल खुणेच्या प्रथिनात तेराव्या क्रमांकाच्या सेरीन या अमिनो आम्लावर एक फॉस्फेट गट बसलेला आहे आणि निळ्या खुणेच्या प्रथिनात ती जागा मोकळी आहे. हा फरक लक्षात येण्यापूर्वी माझे जवळजवळ चार महिने गेले. या विषयावर मराठीत फारसे लिहिलेले मला सापडले नाही, आणि या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या विद्यार्थ्याचे तेवढे महिने वाचावेत असे मनापासून वाटते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी, हे शाळेतच शिकवले जाते. मात्र साखळी तयार झाली म्हणून प्रथिन कामाला लागत नाही. तिची योग्य घडी बसावी लागते, आणि पेशीच्या आतली दाटी इतकी असते की अर्धवट घडीची साखळी शेजारच्या साखळीला चिकटून दोघींचाही गोळा होण्याची भीती सतत असते. हे टाळणाऱ्या प्रथिनांना शॅपरोन म्हणतात. हा शब्द या अर्थाने १९७८ मध्ये रॉन लास्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रथम वापरला. आपल्याकडे नवरीबरोबर सासरी जाणारी पाठराखीण असते. ती त्या घरात कायमची राहायला जात नाही, नवरी चार दिवस रुळेपर्यंत सोबत करते आणि परत येते. शॅपरोनची व्याख्याही नेमकी हीच आहे: रचना पूर्ण होईपर्यंत तो सोबत असतो, पण पूर्ण झालेल्या रचनेचा भाग होत नाही.

या पाठराखणींमध्ये एचएसपी-९० हे फार महत्त्वाचे प्रथिन आहे. सामान्य पेशीतल्या एकूण प्रथिनांपैकी एक ते दोन टक्के वाटा एकट्या एचएसपी-९०चा असतो. त्याचे दोन रेणू जोडीने काम करतात, एटीपी हा पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू धरून चिमट्यासारखे मिटतात आणि एटीपीचे विघटन झाले की पुन्हा उघडतात. ज्या प्रथिनांना त्याची गरज लागते त्यांना 'क्लायंट' म्हणण्याची पद्धत आहे, आणि या क्लायंटांची यादी वाचली की कर्करोगाचे संशोधक या प्रथिनामागे का लागले ते कळते: स्टिरॉइड संप्रेरकांचे ग्राही, पी-५३ या अर्बुदरोधक प्रथिनाची उत्परिवर्तित रूपे आणि कितीतरी कायनेज, म्हणजे इतर प्रथिनांवर फॉस्फेट बसवणारी प्रथिने. पेशीला वाढण्याचे संदेश देणारी कायनेज उत्परिवर्तनामुळे अतिसक्रिय झाली की ती बहुधा अस्थिरही होतात. म्हणजे ज्या बदलामुळे पेशी कर्करोगाकडे वळते, त्याच बदलामुळे ती एचएसपी-९०वर अधिक अवलंबून राहते. कोंबड्यांमधील अर्बुदाच्या विषाणूतले व्ही-एसआरसी आणि आपल्या निरोगी पेशींतले सी-एसआरसी यांची रचना खूपशी सारखी असूनही व्ही-एसआरसीला एचएसपी-९०वाचून चालत नाही आणि सी-एसआरसीचे त्याच्यावाचून फारसे अडत नाही, हे याचे सर्वांत बोलके उदाहरण आहे.

मात्र एचएसपी-९०ला स्वतःहून कायनेज ओळखता येत नाही. ते काम सीडीसी-३७ करते. शॅपरोनला मदत करणारे प्रथिन म्हणून त्याला को-शॅपरोन म्हणतात. एचएसपी-९०ला असे अनेक मदतनीस आहेत, पण कायनेजना हाताला धरून त्याच्यापर्यंत आणणारे मुख्य प्रथिन सीडीसी-३७ हेच.

त्याचा शोध दोन वेगवेगळ्या वाटांनी लागला, आणि ती हकीकत मला फार आवडते. १९८० मध्ये स्टीव्हन रीड यांनी यीस्टच्या पेशी विभाजन सुरू करण्याआधीच कशामुळे अडतात हे शोधताना काही उत्परिवर्तने वेगळी केली, त्यांतले एक सीडीसी-३७. हे नाव पेशीविभाजनाच्या चक्रावरूनच आले आहे. साधारण त्याच सुमारास व्ही-एसआरसीवर काम करणाऱ्यांना हे कायनेज पेशीत एकटे फिरत नाही, त्याच्याबरोबर ९० आणि ५० किलोडाल्टन (रेणूच्या वजनाचे एकक) वजनाची दोन प्रथिने असतात, असे दिसले. ९० किलोडाल्टनचे प्रथिन एचएसपी-९० होते. ५० किलोडाल्टनचे प्रथिन म्हणजेच यीस्टमधल्या त्या सीडीसी-३७चा सस्तन प्राण्यांतला भाऊबंद आहे, हे कळायला नव्वदचे दशक उजाडावे लागले. १९९६ मध्ये ते सीडीके-४ या कायनेजला धरून स्थिर ठेवते असे दाखवले गेले. सीडीके-४ पेशीला विभाजनाच्या पहिल्या टप्प्यातून पुढे नेते. यीस्टच्या पेशी ज्या उंबरठ्यावर अडत होत्या, त्याच्या जवळपासच माणसाच्या पेशीतही हेच प्रथिन उभे असलेले सापडले.

मानवी जीनोममध्ये पाचशेहून थोडी अधिक कायनेज आहेत. २०१२ मध्ये सुझन लिंडक्विस्ट यांच्या गटाने त्यांतली बहुतेक तपासली, तेव्हा सुमारे साठ टक्के कायनेजचा एचएसपी-९०शी कमीअधिक संबंध आढळला. प्रोस्टेटच्या कर्करोगात सीडीसी-३७ वाढलेले दिसते, आणि उंदराच्या प्रोस्टेटमध्ये ते मुद्दाम वाढवले तर तिथल्या पेशींची वाढ बिघडते, हेही दाखवले गेले आहे. म्हणूनच शुद्ध मानवी सीडीसी-३७ नळीत हाती असणे कर्करोगाच्या प्रयोगशाळेला फार मोलाचे असते. ते कोणत्या कायनेजला धरते, किती घट्ट धरते, कोणत्या रसायनाने ही पकड सुटते, हे प्रश्न पेशीच्या गर्दीत सुटे करून विचारता येत नाहीत. नळीत विचारता येतात.

असे प्रथिन बनवण्याची रीत आता सर्वत्र रुळलेली आहे. मानवी जनुकाचा डीएनए एका वर्तुळाकार प्लाझ्मिडमध्ये बसवून तो ई. कोलाय जिवाणूत घालतात, जिवाणू पुरेसे वाढले की आयपीटीजी हे रसायन टाकून एक्स्प्रेशन, म्हणजे त्या जनुकापासून प्रथिन बनवणे, सुरू करतात आणि रात्रभर कमी तापमानाला हलवत ठेवतात. प्रथिनाला सहा हिस्टिडिनची शेपटी जोडलेली असल्याने ते निकेलच्या स्तंभाला चिकटते आणि इमिडॅझोलने धुतले की सुटून खाली येते. सीडीसी-३७ जिवाणूत चांगले तयार होते, विरघळलेले राहते, हट्ट करत नाही. त्याचे खरे वजन ४४.५ किलोडाल्टनच्या आसपास असूनही ते जेलवर पन्नासच्या जवळ दिसते. आकाराने लांबट असल्यामुळे आकारानुसार रेणू वेगळे करणाऱ्या जेल-फिल्ट्रेशनच्या स्तंभातून अपेक्षेपेक्षा लवकर बाहेर पडते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला आपले काही चुकले असे वाटते, पण या प्रथिनाचा तो स्वभावच आहे.

इथे शुद्धतेबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे. जिवाणूकडे स्वतःचे शॅपरोन असतात आणि त्यांतला सत्तर किलोडाल्टनचा डीएनए-के हा आपल्या प्रथिनाला धरून निकेलच्या स्तंभातून बरोबर येतो. तो स्वतः एटीपी फोडतो. सीडीसी-३७चे एक ठळक वैशिष्ट्य असे की ते एचएसपी-९०चा एटीपी फोडण्याचा वेग कमी करते, म्हणजे कायनेजला बसायला वेळ मिळतो. मानवी एचएसपी-९० मुळातच एटीपी फार सावकाश फोडते. त्यामुळे एक-दोन टक्के डीएनए-के मिसळलेला असला तरी मोजमापात आपण ज्याची क्रिया मोजत आहोत ते एचएसपी-९० नसून जिवाणूचा शॅपरोन असू शकतो. म्हणून स्तंभ मॅग्नेशियम आणि एटीपी असलेल्या बफरने धुवून डीएनए-के काढून टाकतात. शिवाय प्रत्येक मोजमापाच्या जोडीला जेल्डानामायसिन हे संयुग घातलेली एक नळी ठेवतात. जेल्डानामायसिन एचएसपी-९०ची एटीपीची जागा अडवते, त्यामुळे त्याच्या उपस्थितीत उरणारी क्रिया दुसऱ्या कोणाची तरी आहे हे उघड होते आणि ती वजा करता येते. हे सगळे मी शिस्तीने केले होते. माझी चूक दुसरीकडे होती.

आम्ही पहिल्यांदा हे प्रथिन विकत घेतले होते. सोबतच्या कागदावर क्रम होता, वजन होते, शुद्धता होती, साठवणीचे तापमान होते आणि 'केवळ संशोधनासाठी' हा नेहमीचा शेरा होता. मी प्रथम ते शुद्ध एचएसपी-९०बरोबर तपासले. दोघे अपेक्षेप्रमाणे, काही मायक्रोमोलरच्या पकडीने, एकमेकांना धरत होते. हा कंट्रोल, म्हणजे उत्तर आधीच माहीत असलेला पडताळणीचा प्रयोग, व्यवस्थित आला, म्हणून मी निश्चिंत झाले. मग एमसीएफ-७ या स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींचा अर्क घेऊन, त्यात हे प्रथिन बांधलेले मणी फिरवून, त्यांच्याबरोबर सीडीके-४ बाहेर येते का ते पाहू लागले. येत नव्हते. म्हणजे अगदीच येत नव्हते असे नाही. फिल्मवर खूप वेळ ठेवल्यावर पुसट रेषा दिसायची, तीही दर वेळी नाही. मी मिठाचे प्रमाण बदलले, बफरमध्ये सोडियम मॉलिब्डेट घातले, अँटिबॉडी बदलली, पेशींची नवी खेप वाढवली. आमच्या मॅडमनी शांतपणे सगळे ऐकून घेतले आणि एका बुधवारच्या बैठकीत एवढेच विचारले, "हे प्रथिन कशात बनवले आहे?" जिवाणूत, असे मी म्हणाले. "मग तेराव्या सेरीनचे काय?"

मी ते वाचलेले होते. वाचलेले असूनही हातातल्या नळीशी त्याचा संबंध जोडला नव्हता, याचे वाईट वाटले.

मानवी सीडीसी-३७च्या साखळीत तेराव्या जागी सेरीन आहे आणि त्याच्या लगेच पुढे पाच ऋणभारित अमिनो आम्ले ओळीने येतात. सीके-२ नावाच्या कायनेजला अशीच जागा हवी असते. ते पेशीत जवळजवळ सदैव जागे असते आणि या सेरीनवर फॉस्फेट बसवते. सीडीसी-३७ कायनेजची काळजी घेते आणि त्या सीडीसी-३७ला कामासाठी तयार करणारेही एक कायनेजच असते. २००३ आणि २००४ मध्ये वेगवेगळ्या गटांनी दाखवले की हा फॉस्फेट नसेल तर सीडीसी-३७ची कायनेजवरची पकड ढिली पडते. नंतर २००८ मध्ये हेही समजले की काम झाल्यावर पीपी-५ हे दुसरे प्रथिन एचएसपी-९०वर येऊन बसते आणि तो फॉस्फेट काढून टाकते. म्हणजे ही नुसती सजावट नाही; हा येण्याजाण्याचा परवाना आहे.

यामागची रचना २०१६ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात डेव्हिड अ‍ॅगार्ड यांच्या गटाने क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीने ३.९ अँगस्ट्रॉम (अणूंच्या अंतराचे सूक्ष्म एकक) इतक्या बारकाईने उलगडली. एचएसपी-९०, सीडीसी-३७ आणि सीडीके-४ हे तिघे त्यात एकत्र धरलेले दिसतात. ते चित्र मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा बराच वेळ पाहत राहिले होते. कायनेजचे दोन भाग असतात, आणि एरवी ते एकमेकांना लागून असतात. इथे ते दोन्ही भाग एकमेकांपासून ओढून वेगळे काढलेले आहेत, मधली साखळी उलगडलेली आहे, आणि ती मिटलेल्या एचएसपी-९०च्या पोटातून सुईतून दोरा जावा तशी आरपार गेलेली आहे. सीडीसी-३७चा एक भाग कायनेजच्या एका अर्ध्याला बिलगून आहे आणि त्याचे लांब टोक एचएसपी-९०भोवती फिरलेले आहे. त्या टोकाजवळ तेरावे सेरीन आहे. त्याचा फॉस्फेट सीडीसी-३७च्याच जवळच्या धनभारित अमिनो आम्लांना धरून त्या टोकाला आकार देतो.

ई. कोलायमध्ये सीके-२ नाही. त्यामुळे तिथे तयार झालेल्या सीडीसी-३७चा क्रम पूर्णपणे मानवी असला तरी तेरावी जागा मोकळी राहते. एचएसपी-९०ला थेट धरण्यासाठी या फॉस्फेटची गरज नसते, म्हणून माझा कंट्रोल दर वेळी बरोबर येत होता आणि मला दिलासा देत होता. कंट्रोल ज्या प्रश्नाचे उत्तर देत होता तो माझा प्रश्न नव्हता.

उपाय अवघड नाही. आम्ही स्वतः प्रथिन बनवले, शुद्ध केले आणि सीके-२, एटीपी व मॅग्नेशियम घालून ठेवले. नंतर सीके-२ काढून टाकण्यासाठी पुन्हा एकदा स्तंभातून नेले. फॉस्फेट बसला की नाही हे साध्या जेलवर खात्रीने कळत नाही, म्हणून मास स्पेक्ट्रोमीटरवर वजन तपासले; एका फॉस्फेटमागे सुमारे ८० डाल्टन वाढले पाहिजेत. फॉस्फेट असलेले रेणू मागे रेंगाळतील अशा फॉस-टॅग जेलवर दोन बँड वेगळे दिसतात, आणि वरच्या व खालच्या बँडची तुलना करून किती टक्के काम झाले ते सांगता येते. सेरीनच्या जागी ग्लुटामेट घालून फॉस्फेटचा ऋणभार आणण्याची युक्तीही वापरतात. मला ती सोयीची वाटली तरी पुरेशी वाटत नाही, कारण ग्लुटामेटवर एक ऋणभार असतो, फॉस्फेटवर जवळजवळ दोन, आणि आकारही सारखा नसतो. ज्याला कीटकपेशींमध्ये प्रथिन बनवणे परवडते त्याने ते जरूर करावे, कारण त्या पेशींकडे स्वतःचे सीके-२ असते. पण तिथेही वजन तपासल्याशिवाय विश्वास ठेवू नये. टॅग कुठे आहे हेही पाहावे. हिस्टिडिनची शेपटी साखळीच्या सुरुवातीला असेल तर ती या महत्त्वाच्या टोकाला अगदी खेटून बसते. ती कापून काढता येत असेल तर कापावी, नाहीतर शेवटच्या टोकाला जोडलेली घ्यावी.

लाल खुणेच्या प्रथिनाने पहिल्याच वेळी सीडीके-४चा स्वच्छ बँड दिला. त्याच प्रथिनाच्या काही भागावरचा फॉस्फेट लॅम्डा फॉस्फेटेजने काढून टाकल्यावर तो बँड पुन्हा पुसट झाला. मला पहिल्या बँडपेक्षा ही दुसरी लेन जास्त समाधान देऊन गेली.

या प्रथिनावर काम करते असे कळले की नातेवाइकांकडून एक प्रश्न हमखास येतो, आणि तो गंभीरपणे घेण्यासारखा आहे. अश्वगंधेत विथाफेरिन-ए नावाचे संयुग असते. स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या पेशींवरच्या प्रयोगांत ते एचएसपी-९० आणि सीडीसी-३७ यांची जोडी तोडते, असे २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. चीनमधल्या एका औषधी वेलीतले सेलॅस्ट्रॉलही याच जोडीवर परिणाम करते, असे त्याच्या थोडे आधी दाखवले गेले होते. मग अश्वगंधेचे चूर्ण घेतल्याने कर्करोग बरा होईल का? नाही, या प्रयोगांवरून असे म्हणता येत नाही. काचेतल्या पेशींना दिलेले शुद्ध संयुग आणि पोटात घेतलेले चूर्ण यांत शोषण, यकृत, मात्रा आणि विषारीपणा एवढे सगळे अंतर आहे. चालू उपचार थांबवून कोणी हा मार्ग धरू नये, हे मी प्रत्येक वेळी हात जोडून सांगते.

या दोन्ही संयुगांचा प्रयोगशाळेतला एक धडा मात्र नळीशी थेट निगडित आहे. दोन्ही संयुगे सिस्टीनमधल्या गंधकाशी बंध जोडू शकतात; सेलॅस्ट्रॉल सीडीसी-३७च्या सुरुवातीच्या भागातल्या सिस्टीनशी असे जोडले जाते. आता अशा रीकॉम्बिनंट (जिवाणूत वा दुसऱ्या पेशीत बनवून घेतलेल्या) प्रथिनाच्या बफरमध्ये बहुतेक वेळा सिस्टीनचे ऑक्सिडीकरण टाळणारे १ मिलिमोलर डीटीटी असते, आणि डीटीटीचे रेणूही गंधकाचेच. प्रयोगात १० मायक्रोमोलर सेलॅस्ट्रॉल घातले तर ते प्रथिनापर्यंत पोहोचण्याआधी शंभरपट संख्येने उभ्या असलेल्या डीटीटीच्या तावडीत सापडते, आणि निष्कर्ष निघतो की संयुग निष्प्रभ आहे. त्यामुळे अशा प्रयोगाआधी बफर बदलून टीसेप हे त्याच कामाचे गंधकविरहित रसायन घ्यावे की काहीच घेऊ नये, हे नीट ठरवावे लागते. टीसेपही अशा संयुगांशी कधी कधी क्रिया करते, म्हणून मी ते सोडूनच दिले आहे.

औषधांच्या बाजूने पाहिले तर एचएसपी-९०ला थेट अडवणाऱ्या संयुगांच्या रुग्णांवरच्या चाचण्या १९९९ पासून सुरू आहेत. बरीचशी विषारीपणामुळे आणि अपुऱ्या परिणामामुळे मागे पडली. २०२२ मध्ये जपानने पिमिटेस्पिब हे औषध पचनमार्गातल्या एका विशिष्ट अर्बुदासाठी मंजूर केले. एचएसपी-९०ला अडवले की सर्वच क्लायंट कोलमडतात आणि पेशी उष्णतेच्या धक्क्यासारखा प्रतिसाद देऊन आणखी शॅपरोन बनवते, ही त्यातली मोठी अडचण आहे. त्याऐवजी फक्त कायनेज आणणारा हात थोपवता आला तर, या विचारातून सीडीसी-३७कडे पाहिले जाते. २०१३ मध्ये एक अनपेक्षित बाबही समोर आली: कायनेजची एटीपीची जागा अडवणारी काही औषधे, जी आज रुग्णांना दिली जातात, ती कायनेजला सीडीसी-३७पर्यंत पोहोचूच देत नाहीत. म्हणजे ही औषधे कायनेजचे काम थांबवतातच, शिवाय त्याची पाठराखीणही काढून घेतात. मला या विषयातला सर्वांत आशादायक धागा हाच वाटतो, आणि तो तपासायला नळीतले प्रथिन पेशीतल्या प्रथिनासारखे असणे अत्यावश्यक आहे.

सध्या मी निळी आणि लाल अशी दोन्ही प्रथिने डीटीटीविना बफरमध्ये घेऊन त्यांवर सेलॅस्ट्रॉलचा परिणाम शेजारी शेजारी मोजत आहे. फॉस्फेटमुळे सुरुवातीच्या टोकाचा आकार बदलत असेल तर तिथल्या सिस्टीनपर्यंत पोहोचणे सोपे होते की अवघड, हे मला पाहायचे आहे. पहिली खेप उद्या सकाळी जेलवर चढेल. प्रत्येक प्रथिनाच्या दोन नळ्या वापरून होतील आणि एकेक मागे ठेवली जाईल. एकदा वितळलेली नळी मी पुन्हा गोठवत नाही.